शेवटचा डबा आणि त्याची प्रतिकृती

परप्रांती नोकरीस असलेल्या माणसाचा आगगाडीशी घरोबा इतरांपेक्षा अधिक. सिग्नल मिळत नाही म्हणून आपली गाडी एखाद्या आडस्टेशनावर खोळंबून राहावी आणि शेजारच्या रुळावरून मालगाडी सुरू व्हावी, हा अनुभव आपल्यापैकी कोणास नाही? वाघिणी मोजता मोजता कंटाळा येतो, आणि अखेरीस तो लहानसा डबा दिसतो. त्याच्या कठड्याशी निशाणे घेऊन उभा असलेला गार्ड क्षणभर आपल्याकडे पाहतो, आपण त्याच्याकडे पाहतो, आणि गाडी निघून जाते. रेल्वे मंडळाने २०२२ च्या जानेवारीत गार्डचे पदनाम बदलून ते ‘ट्रेन मॅनेजर’ असे केले. सरकारी कागदावर ते रुळले असेल. लोकांच्या तोंडी तो गार्डच आहे.

आपल्या या ब्रेक-व्हॅनचा एक दूरचा भाऊबंद अमेरिकेत होता. त्याचे नाव ‘कबूस’. होता असे म्हणावयाचे कारण, रोजच्या मालगाडीच्या शेवटी तो आता क्वचितच दिसतो. परंतु घरातील टेबलावर, तळघरातील छोट्या रुळांवर, बोटभर उंचीच्या प्रतिकृतीच्या रूपाने तो अजून धावतो आहे. सुट्या भागांचा संच विकत आणावयाचा, तो जोडावयाचा आणि जोडताना मुद्दाम बदलावयाचा, हा त्या देशातील पुष्कळ प्रौढ माणसांचा छंद आहे. याला पोरखेळ म्हणून हसणे सोपे आहे. पण संच जसाच्या तसा न ठेवता त्यात फेरफार करणारा माणूस, त्याच्या ध्यानी येवो वा न येवो, इतिहासकाराचे काम करीत असतो, असे मला वाटते. ते कसे, हे सांगण्यासाठी प्रथम मूळ डब्याची हकीकत सांगितली पाहिजे.

‘कबूस’ हा शब्द आगगाडीहून जुना आहे. तो डच खलाशांकडून आला. जहाजाच्या तक्तपोशीवरील स्वयंपाकाच्या खोलीस ते तसले नाव देत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत मालगाड्या लांब पल्ल्यांच्या होऊ लागल्या आणि गाडीबरोबर जाणाऱ्या माणसांना कोठे तरी निवारा लागू लागला, तेव्हा एखादी जुनी वाघीण त्यांच्यासाठी शेवटी जोडण्याची रीत पडली. तीत चूल होती, म्हणून जहाजावरचे नाव तिला चिकटले असावे. पुढे कंपनीगणिक निराळी नावे झाली. पेन्सिल्व्हेनिया रेलरोड तिला ‘केबिन कार’ म्हणे, पश्चिमेकडील काही कंपन्या ‘वे कार’ म्हणत, आणि आत राहणारे कामगार लाडाने की रागाने ‘क्रमी’, म्हणजे गलिच्छ, असे म्हणत.

छपरावरील छोट्या मनोऱ्याविषयी एक आख्यायिका आहे. १८६३ मध्ये शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीच्या वॉटसन नावाच्या कंडक्टरला आयोवा राज्यात फुटक्या छपराची वाघीण मिळाली. तो सामानाच्या राशीवर चढून त्या भोकातून डोके बाहेर काढून बसला आणि त्याला सबंध गाडी दिसू लागली. मग त्याने कारखान्यात सांगून त्या भोकावर काचेची खोली बांधून घेतली. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. पण मनोऱ्याचे प्रयोजन ती अचूक सांगते. मालवाघिणींची कणे-पेटी तेव्हा तेलात भिजवलेल्या चिंध्यांनी भरलेली असे. तेल आटले की कणा तापे, चिंध्या पेटत, आणि वेळीच लक्षात न आल्यास कणा तुटून गाडी घसरे. मनोऱ्यात बसलेला माणूस तासन्‌तास पुढच्या वाघिणींकडे टक लावून बसे, तो या धुराच्या शोधात.

खाली कंडक्टरचे मेज असे. तेथे बसून तो प्रत्येक वाघिणीची बिलपत्रे लावी. गाडी अवेळी थांबली की मागील ब्रेकमनने लाल कंदील आणि फटाके घेऊन मागे चालत जावयाचे, म्हणजे पाठून येणारी गाडी आदळू नये. इंजिनाने शिटी दिली की परत धावत यावयाचे. थंडीच्या रात्री, बर्फात, हे काम कसे असेल याची कल्पना आपल्याकडील माणसाला सहजी येणार नाही.

आपल्या ब्रेक-व्हॅनहून कबूस वेगळा पडतो तो येथे. इंग्लंडात, आणि इंग्लंडच्या वळणावर आपल्याकडे, शेवटचा डबा मुख्यतः नावाप्रमाणे ब्रेकसाठी होता. अनेक मालगाड्यांना सलग ब्रेक नसत, तेव्हा गाडीचे शेपूट आवरण्याचे काम गार्डच्या हातब्रेककडे असे. अमेरिकेत हे काम छपरांवरून चालत असे. इंजिनाची खूण झाली की ब्रेकमन धावत्या वाघिणींच्या माथ्यावरून उड्या टाकीत जात आणि एकेक हातब्रेक फिरवीत. वाघिणी जोडण्यासाठी तेव्हा कडी आणि खिळा वापरीत. दोन वाघिणी एकमेकींजवळ येत असताना मध्ये उभे राहून कडी हाताने बसवावी लागे. बोटे तुटलेला ब्रेकमन म्हणजे अनुभवी ब्रेकमन, असे समजले जाई. वेस्टिंगहाउसने हवेच्या ब्रेकचे पेटंट १८६९ मध्ये घेतले आणि जॅनीने आपोआप जुळणाऱ्या कप्लिंगचे १८७३ मध्ये. पण मालवाघिणींना ती बसविण्यास कंपन्या राजी नव्हत्या, कारण माणूस लोखंडापेक्षा स्वस्त होता. आयोवातील लोरेन्झो कॉफिन नावाच्या एका शेतकरी गृहस्थाने या प्रश्नाचा वर्षानुवर्षे पिच्छा पुरविला. अखेर १८९३ च्या मार्चमध्ये अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी सुरक्षासाधनांच्या कायद्यावर सही केली आणि १९०० पासून तो पुरतेपणी अमलात आला. छपरावरचा माणूस पुष्कळसा खाली उतरला. कबूस उरला तो कचेरी, बिऱ्हाड आणि टेहळणीचा बुरूज म्हणून.

बिऱ्हाड हा शब्द मी सहज वापरला नाही. पुष्कळ कंपन्यांत पूर्वी एकेका कंडक्टरला एकेक कबूस नेमून दिलेला असे. तो त्यात पडदे लावी, चित्रे चिकटवी, चुलीवर रस्सा शिजवी, आणि परगावच्या यार्डात रात्री त्यातच झोपे. चूल जमिनीस बोल्टांनी जखडलेली आणि भांडे घसरू नये म्हणून तिच्या माथ्यास कड असे. ही कड शोभेची नव्हती. दोन वाघिणींच्या जोडात जी थोडी ढील असते, ती शंभर वाघिणींत मिळून कित्येक फूट होते. इंजिनाने ओढ घेतली की ती ढील एकेका जोडातून पुढून मागे येत येत शेवटच्या डब्यापाशी झटक्याने संपते. उभा माणूस त्या झटक्याने भिंतीवर आदळे, कधी पेटत्या चुलीवर. पुढे कंपन्यांनी काटकसरीसाठी सामाईक कबूस सुरू केले. कंडक्टर बदले, डबा तोच पुढे जाई. पडदे गेले. बदलीच्या गावी सरकारी क्वार्टरात पूर्वीच्या भाडेकरूचे खिळे भिंतीत पाहिलेल्या माणसास या फरकाचे वर्णन अधिक करावयास नको.

आता प्रतिकृतीकडे वळू. छोट्या रेल्वेचा हौशी व्यवहार संघटित झाला तो १९३० नंतरच्या मंदीच्या दशकात. मिलवॉकी येथे ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक १९३४ मध्ये निघाले आणि १९३५ मध्ये त्याच शहरी हौशी लोकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. या संघटनेने चाके, रूळ व जोड यांची मापे ठरवून दिली, म्हणून एका कारखान्याचा डबा दुसऱ्याच्या रुळावर चालू लागला. सर्वांत रूढ झालेले प्रमाण ‘एचओ’, म्हणजे ‘ओ’ प्रमाणाच्या निम्मे. त्यात खऱ्या एका फुटास साडेतीन मिलिमीटर धरतात. याचा अर्थ ८७ पटींनी लहान. रुळांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर येते आणि तीस फुटांचा डबा साडेदहा सेंटिमीटरांत मावतो. पुण्यास कोथरूडला १९९८ मध्ये उघडलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय ज्यांनी मुलाबाळांसह पाहिले असेल, त्यांना या आकाराची कल्पना आहे.

आरंभीचे संच लाकडाचे असत. डब्यात फळ्या, तारा, ओतीव शिशाचे काही तुकडे आणि एक नकाशा. लाकडाचे रेषे दिसू नयेत म्हणून लेप देऊन, काचकागदाने घासून, पुन्हा लेप द्यावा लागे. महायुद्धानंतर साच्यातून काढलेले प्लास्टिक आले आणि चित्र पालटले. कॅलिफोर्नियातील अॅथर्न कंपनीचे निळ्या खोक्यांतील संच दोन-तीन पिढ्यांच्या हातांतून गेले. २००९ मध्ये ते बंद झाले. हे संच जोडणे इतके सोपे, की खोके हलविले तर आतून तयार डबा बाहेर पडेल, अशी थट्टा हौशी लोक करीत.

सोपेपणाची किंमत इतिहासाने दिली. पोलादी साचा करण्यास खर्च फार, म्हणून कारखानदार एकच नमुना घेई आणि त्यावर दहा कंपन्यांची नावे व रंग छापी. अॅथर्नचा साधा कबूस सांता फे कंपनीच्या धर्तीचा होता. पण ज्या कंपन्यांकडे तसला डबा कधीच नव्हता त्यांच्या नावांनीही तो विकला गेला. खेळण्यांच्या लायोनेल कंपनीने याहून मौज केली. पेन्सिल्व्हेनिया रेलरोडने १९४२ च्या सुमारास ‘एन-५-सी’ नावाचे सुमारे २०० डबे बांधले होते. जहाजासारख्या गोल खिडक्या आणि उतरत्या कडांचा मनोरा, ही त्यांची ओळख. तसला डबा दुसऱ्या कोणत्याही कंपनीने बांधला नव्हता. लायोनेलने १९५० नंतर त्याचे खेळणे काढले, त्यावर ५३६४१७ असा आकडा घातला, जो खऱ्या डब्याचा नव्हता, तर कंपनीच्या यादीतील ६४१७ या क्रमांकाला पुढे दोन आकडे जोडून बनविलेला होता. शिवाय तेच खेळणे करड्या रंगात लीहाय व्हॅली कंपनीच्या नावानेही बाजारात आणले. लीहाय व्हॅलीचे कबूस चौकोनी खिडक्यांचे होते. नाताळच्या सकाळी झाडाखाली ती गाडी पाहिलेल्या मुलांच्या लेखी मात्र लीहाय व्हॅलीला गोल खिडक्या कायमच्या चिकटल्या. इतिहासाच्या क्षेत्रात खोटी सनद जे करते, तेच या खेळण्याने केले, आणि तेही कोणतीही लबाडी मनात नसताना.

फेरफार करणारा हौशी येथे पुढे येतो. त्याच्यापुढे पहिला प्रश्न असा की, हा डबा कोणता आणि कोणत्या वर्षीचा? ‘एन-५-सी’चा संच घेतला तरी उत्तर मिळत नाही. एकाच डब्याने १९४२ पासून चाळीस वर्षांत अनेक रूपे घेतली. महायुद्धाच्या काळात पेन्सिल्व्हेनियाने ‘ट्रेनफोन’ नावाची बोलण्याची यंत्रणा बसविण्यास प्रारंभ केला. तीत रुळांच्या बाजूच्या तारांतून विद्युतप्रवर्तनाने आवाज जाई, आणि त्यासाठी कबूसच्या छपरावर खांबांवर आडव्या नळ्यांचा कठड्यासारखा अँटेना असे. पुढे साधा रेडिओ आला आणि नळ्या काढल्या गेल्या. म्हणजे छपरावर नळ्या असल्या तर एक काळ, नसल्या तर त्या आधीचा किंवा नंतरचा. या कंपनीचे वाफेचे शेवटचे इंजिन १९५७ मध्ये थांबले. म्हणून त्यापूर्वीचा डबा दाखवावयाचा तर छपरावर काजळी हवी, नंतरचा असेल तर काळेपणा चुलीच्या धुराड्याभोवती पुरे. १ फेब्रुवारी १९६८ रोजी कंपनी पेन सेंट्रलमध्ये विलीन झाली, तेव्हा काही डबे हिरवे झाले. १ एप्रिल १९७६ रोजी ती मालमत्ता कॉनरेलकडे गेली, तेव्हा काही निळे झाले. तांबडा, हिरवा, निळा, हे रंग नव्हेत, शके आहेत.

मग हातकाम. साच्यातून आलेल्या डब्याच्या अंगावर चढण्याचे दांडे उठावासारखे कोरलेले असतात. ते पातळ पात्याने खरवडून काढावयाचे, बारीक हातगिरमिटाने भोके पाडावयाची आणि पितळी तार वाकवून त्यांत बसवावयाची. खरा दांडा पाऊण इंच जाड. ८७ पटींनी लहान केला तर मिलिमीटरचा पाचवा हिस्सा जेमतेम होतो. एवढी बारीक तार हाताळताना मोडते, म्हणून थोडी जाड वापरतात, आणि सत्याशी ही तडजोड जाणून करतात. मात्र खरवडताना शेजारच्या रिव्हेटांची रांग पुसली जाते. पुसलेले रिव्हेट परत बसविणे हे या कलेतील सर्वांत कंटाळवाणे काम. त्याविषयी मी अधिक लिहीत नाही.

वजनालाही नियम आहे. संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओ डब्याचे वजन एक औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचास अर्धा औंस. पाच इंचांचा डबा साडेतीन औंस, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम झाला पाहिजे. प्लास्टिक याहून हलके, म्हणून जमिनीखाली किंवा आत शिशाचा तुकडा चिकटवितात. नाही तर शेवटचा डबा वळणावर रूळ सोडतो.

जोडाची गोष्ट मला विशेष वाटते. संचांतून बरीच वर्षे येणारा जोड दोन वाकड्या शिंगांसारखा होता आणि तो खऱ्या कशासारखाच दिसत नसे. ओरेगन राज्यातील कीथ आणि डेल एडवर्ड्स या जुळ्या भावांच्या केडी कंपनीने खऱ्या जोडाच्या वळणाचा, रुळांखालील चुंबकाने आपोआप सुटणारा जोड काढला. हौशी माणसे शिंगे फेकून तो बसवितात, आणि हाच बहुधा संचातील पहिला फेरफार असतो. चुंबक चुकला की हाताने डबे सोडवावे लागतात. इंजिनांची ओळख चाकांच्या संख्येने लिहिण्याची रीत आहे, तिच्या धर्तीवर या हाताला ते ‘०-५-०’ म्हणतात. शून्य, पाच बोटे, शून्य. विनोद निर्मळ आहे. पण १८९३ पूर्वीच्या ब्रेकमनच्या हाताचा हिशेब ठाऊक असला की तो ऐकताना हसू थोडे थबकते.

येथेच या छंदाची मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रतिकृतीने बाहेरचे रूप राखले, आतले राखणे तिला कठीण गेले. छप्पर बसविले की आतील मेज, फळ्यांचे बिछाने, कडेची चूल, कोणालाच दिसत नाही. म्हणून बहुतेक संचांत आत काहीच नसते. तांबडा रंग, पितळी दिवा, पाठमोरा हात हलविणारा माणूस, एवढे गोड चित्र उरते. आदळलेली माणसे, बर्फातील चाल, रात्रीचे जागरण यांना ८७ पटींनी लहान करता येत नाही. काही साक्षेपी हौशी याला उपाय म्हणून आत मेज-चूल बसवितात आणि छप्पर न चिकटविता नुसते टेकवून ठेवतात. मला त्यांचे काम अधिक मोलाचे वाटते. रिव्हेटांची संख्या बरोबर आहे की नाही, हा त्यानंतरचा प्रश्न.

खऱ्या कबूसचा शेवट मोठ्या गाजावाजाने झाला नाही. रोलर बेअरिंगे आली आणि रुळांच्या कडेस तापलेला कणा ओळखणारी यंत्रे लागली, तेव्हा मनोऱ्यातील डोळ्यांचे काम गेले. फ्लोरिडा ईस्ट कोस्ट कंपनीने १९६९ मध्ये शेवटच्या वाघिणीवर एक लहान पेटी टांगली. पुढे अशा पेट्या ब्रेकच्या हवेचा दाब इंजिनात कळवू लागल्या. १९८२ मध्ये अध्यक्षांनी नेमलेल्या मंडळाने कबूस काढून टाकण्याची वाट मोकळी केली आणि त्याच वर्षी कामगार संघाशी करार झाला. कबूस गेल्याने सुरक्षितता कमी होईल असे संघ म्हणे, कबूसमध्येच माणसे जखमी होतात असे कंपन्या म्हणत. दोन्ही खरे होते. कबूसबरोबर नोकऱ्याही जाणार होत्या, हे मात्र दोन्ही बाजू हलक्या आवाजात बोलत.

आज पेन्सिल्व्हेनियातील स्ट्रासबर्ग या छोट्या गावी गेले तर तिन्ही अवतार जवळजवळ पाहावयास मिळतात. राज्याच्या रेल्वे संग्रहालयात जुन्या गाड्या आहेत, खेळण्यांच्या गाड्यांचे निराळे राष्ट्रीय संग्रहालय आहे, आणि जुन्या कबूसांच्याच खोल्या करून १९७० मध्ये उघडलेली एक धर्मशाळावजा खानावळही आहे. शनिवार-रविवारी प्रवासी हौसेने त्या डब्यांत झोपतात. पूर्वी त्यांत झोपणाऱ्यांना हौस नव्हती.

‘एन-५-सी’च्या अखेरच्या वर्षांची प्रतिकृती करणाऱ्यास आणखी एक फेरफार करावा लागतो. १९८० च्या सुमारास अमेरिकी रेल्वे प्रशासनाने कबूसच्या खिडक्यांना दगड किंवा गोळी अडविणारी काच बसविण्याचा नियम केला, कारण शहरांतून जाताना गाड्यांवर मारा होत असे. ती काच महाग होती आणि डब्यांचे दिवस भरले होते, म्हणून पुष्कळ कंपन्यांनी काही खिडक्या ठेवून बाकीच्यांवर पोलादी पत्रा मारला. हौशी माणूस अशा वेळी पाव मिलिमीटरहून पातळ प्लास्टिकचा तुकडा कापतो, गोल खिडकीवर ठेवतो, कडेने द्रावकाचा एक थेंब सोडतो आणि वाळल्यावर त्यावर निळा रंग चढवितो. मनोऱ्याच्या बाजूची खिडकी तो बहुधा सर्वांत शेवटी बंद करतो.